‘मार्सेसेन्स’ या शब्दाचा अर्थ आणि वेलांची मर

आमच्या मंडळाचे एक सभासद गेल्या उन्हाळ्यांत एक कागद घेऊन आले. नदीकांठच्या दोन एकरांत त्यांनीं कलिंगड लाविलें होतें. फळें नारळाएवढीं झालीं न झालीं तोंच वेल माना टाकूं लागले. पाणी कमी पडलें असेल असें समजून त्यांनीं पाण्याच्या पाळ्या जवळ जवळ दिल्या. परंतु वेल सांवरले नाहींत, उलट रोज नवे वेल मलूल होऊं लागले. शेवटीं एक कुजत आलेला वेल त्यांनीं तपासणीस पाठविला. परत आलेल्या कागदावर ‘सेराशिया मार्सेसेन्स’ नांवाचा जंतु आढळल्याचें लिहिलें होतें. त्यांच्या चिरंजीवांनीं कोश उघडून मार्सेसेन्स म्हणजे ‘कोमेजणारा’ असा अर्थ काढिला, आणि वेल कोमेजविणारा चोर तो हाच, अशी त्या गृहस्थांची खात्री झाली. आतां या जंतूवर एखादें औषध आणून फवारावें आणि पुढील हंगामांत त्याच जमिनींत पुन्हां कलिंगड लावावें, असा त्यांचा बेत होता.

हा बेत पार पडता तर दुसऱ्या वर्षाचें बीं, खत, मजुरी आणि औषध हीं सर्व मातींत गेलीं असतीं. या चुकीचें मूळ एका लॅटिन शब्दाच्या समजुतींत होतें. शास्त्रीय नांवें आतां औषधांच्या पुड्यांवर, बियाण्याच्या पिशव्यांवर व तपासणीच्या कागदांवर येऊं लागलीं आहेत. तेव्हां तीं कशीं वाचावीं हें शेतकऱ्यासहि ठाऊक असणें जरूर झालें आहे. म्हणून हाच एक शब्द घेऊन हा पाठ लिहिला आहे.

१. शब्दाची फोड

लॅटिन भाषेंत ‘मार्सेरे’ म्हणजे कोमेजलेलें असणें. त्यास ‘एस्सेरे’ हा प्रत्यय लागला म्हणजे क्रियेचा आरंभ दाखविला जातो, आणि ‘मार्सेसेरे’ म्हणजे कोमेजूं लागणें असा अर्थ होतो. त्यापासून झालेलें ‘मार्सेसेन्स’ हें विशेषण म्हणजे ‘कोमेजत चाललेला’. आपण ‘वाळला’ आणि ‘वाळूं लागला’ यांत जो भेद करितों, तोच येथें आहे. हा ‘-एसेन्स’ शेवट ओळखून ठेवण्यासारखा आहे, कारण तो पुष्कळ नांवांत येतो. लवंगी मिरचीच्या जातीचें शास्त्रीय नांव ‘कॅप्सिकम फ्रुटेसेन्स’ असें आहे. फ्रुटेसेन्स म्हणजे झुडपासारखा होत जाणारा. ‘फ्लावेसेन्स’ म्हणजे पिंवळा पडत जाणारा, ‘रुबेसेन्स’ म्हणजे तांबडा होत जाणारा.

येथें एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. मार्सेसेन्समधील ‘मार्’ आणि आपल्या ‘मर’ रोगांतील ‘मर’ हे कानास सारखे लागतात, म्हणून दोहोंचा अर्थ एक असें धरून चालूं नये. ध्वनीच्या सारखेपणावर शब्दाचें मूळ ठरत नाहीं, आणि नांवाच्या अर्थावर रोगाचें कारण ठरत नाहीं. दुसरी गोष्ट पुढील हकीकतीवरून स्पष्ट होईल.

२. तांबडी झालेली मक्याची लापशी

सन १८१९ च्या उन्हाळ्यांत इटली देशांत पादुआ शहराजवळील लेन्यारो या खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं एक विलक्षण प्रकार घडला. त्या भागांतील गरीब कुटुंबें मक्याच्या पिठाची घट्ट लापशी शिजवून खात. तिला तेथें पोलेंटा म्हणतात. या घरच्या शिळ्या पोलेंट्यावर रक्तासारखे लाल ठिपके पडूं लागले. पुढें तसेंच इतर घरींहि दिसूं लागलें, आणि ही कांहीं सैतानी करणी आहे अशी गांवांत हाकाटी उठली. विन्चेन्झो सेट्टे नांवाच्या वैद्यास या प्रकाराची चौकशी करण्यास नेमण्यांत आलें. त्याच सुमारास बार्तोलोमेओ बिझिओ या तरुण औषधिशास्त्रज्ञानेंहि स्वतंत्रपणें प्रयोग केले. ताजी लापशी व पाव ओलसर आणि उबदार हवेंत ठेवून त्यानें तोच लाल रंग पुन्हां उत्पन्न करून दाखविला. करणी, शाप वगैरे कांहीं नसून ही एका सूक्ष्म सजीवाची वाढ आहे, असें दोघांच्याहि शोधांतून निघालें. त्या काळीं जंतुशास्त्र जन्मास आलें नव्हतें. म्हणून बिझिओनें या सजीवास बुरशीचा एक प्रकार समजून १८२३ सालीं त्याचें नांव ‘सेराशिया मार्सेसेन्स’ असें ठेविलें.

आतां हें नांव कसें बनलें तें पाहा. ‘सेराशिया’ हा शब्द सेराफिनो सेराती या इटालियन पदार्थविज्ञान्याच्या सन्मानार्थ योजिला. वाफेवर चालणारी नांव सेरातीनें इतरांच्या आधीं चालविली, आणि त्याचें श्रेय त्यास मिळालें नाहीं, असें बिझिओचें मत होतें. ‘मार्सेसेन्स’ हा शब्द त्यानें योजिला तो या कारणाकरितां, कीं ही लाल वाढ पुरी होतांच लवकर विरून चिकट पाण्यासारखी होई आणि तिचा रंगहि टिकत नसे. म्हणजे नांवाचा एक भाग वाफेच्या नांवेचा, आणि दुसरा शिळ्या लापशीवरील रंगाचा. झाडाच्या कोमेजण्याशीं या नांवाचा तेव्हां कांहींच संबंध नव्हता! पुढें हाच जंतु ‘बॅसिलस प्रॉडिजिओसस’, म्हणजे चमत्कार दाखविणारा, या नांवानेंहि ओळखला जात असे. त्याच्या लाल रंगास अद्यापि ‘प्रॉडिजिओसिन’ म्हणतात तें त्यावरूनच.

हा जंतु मातींत, पाण्यांत व कुजणाऱ्या पदार्थांत सर्वत्र असतो. न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यांत जो गुलाबी बुळबुळीत थर धरतो, त्यांतहि पुष्कळदां हाच असतो. मात्र त्याच्या सर्वच वाणांत लाल रंग येत नाहीं. रुग्णालयांतील अशक्त रोग्यांस तो उपद्रव देतो, आणि रेशमाच्या किड्यांस झाला म्हणजे मेलेले किडे तांबूस पडतात. रेशीमकिडे पाळणाऱ्यांनीं ही खूण ध्यानांत ठेवावी.

३. वनस्पतिशास्त्रांतील ‘मार्सेसेंट’

याच शब्दापासून झालेली ‘मार्सेसेंट’ ही संज्ञा वनस्पतिशास्त्रांत निराळ्या अर्थानें वापरतात. जें पान किंवा फूल वाळतें पण गळून न पडतां झाडासच चिकटून राहतें, तें मार्सेसेंट. युरोप-अमेरिकेंतील ओक, बीच, हॉर्नबीम या झाडांचीं, विशेषतः लहान झाडांचीं व खालच्या फांद्यांचीं पानें हिंवाळ्यांत वाळून तपकिरी होतात, परंतु वसंतापर्यंत फांदीवरच राहतात. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या उंच माथ्यावर ‘एस्पेलेशिया’ नांवाचीं झाडें आहेत. त्यांचीं वाळलेलीं पानें खोडाभोंवतीं घोंगडीसारखीं लपेटून राहतात व थंडीपासून त्याचें रक्षण करितात. आपल्याकडे केळीचीं वाळलेलीं पानें खोडास लोंबकळत राहतात, आणि उंसाच्या कांहीं जातींत पाचट आपोआप सुटतें तर कांहींत कांड्यास चिकटून राहतें, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे.

पान गळणें ही मेलेल्या पानाची गोष्ट आहे असें आपण समजतों. वस्तुतः तें जिवंत झाडाचें काम आहे. पान जुनें झालें म्हणजे झाड देठाच्या बुडाशीं पेशींचा एक नाजूक पडदा तयार करितें, त्या पडद्यापासून देठ सुटतो आणि जखमहि बुजते. हा पडदा पुरा होण्यापूर्वीं फांदीच मेली तर पान सुटत नाहीं. दाराला बांधलेल्या आंब्याच्या डहाळीचीं पानें पाहावीं. तीं वाळून कडकडीत होतात, पण गळत नाहींत. यावरून शेतांत एक उपयोगी खूण मिळते. झाड हळूहळू जुनें किंवा उपाशी होत असेल तर पानें पिंवळीं पडून खालून गळत जातात. झाड एकाएकीं मेलें तर पानें जागच्या जागीं वाळून राहतात. ही खूण एकटी पुरेशी नव्हे. पण पहिल्या नजरेस ती पुष्कळ सांगून जाते.

फुलांविषयींहि असेंच आहे. भोपळ्याच्या वर्गांतील कोंवळ्या फळांच्या टोंकास वाळलेलें फूल चिकटून राहतें. पावसाळी दमट हवेंत ‘कोआनेफोरा’ नांवाची बुरशी प्रथम अशा मलूल फुलावर धरते व तेथून फळांत शिरून तें कुजविते. म्हणजे कोमेजलेला भाग झाडावर राहिला तर कोठें तो पांघरूण होतो, तर कोठें रोगाचें दार होतो.

४. आपले शब्द कमी नेमके नाहींत

लॅटिन शब्दांचें कौतुक करीत असतां आपल्या बोलींतील शब्द विसरूं नयेत. भर दुपारीं पानें खालीं लोंबतात आणि सायंकाळीं पुन्हां ताठ होतात, त्यास आपण ‘कोमेजणें’ म्हणतों. ओल संपली म्हणजे पीक ‘सुकतें’. पुढें तें ‘वाळतें’. पानाची कड भाजल्यासारखी झाली तर तें ‘करपलें’. मुळाशीं ओल भरपूर असतां रोप उभ्या उभ्या गेलें, तर ती ‘मर’. हे पांच शब्द पांच निरनिराळ्या अवस्था दाखवितात. आमच्या सभासदांनीं ‘वेल कोमेजले’ असें न म्हणतां ‘मर लागली’ असें पहिल्याच दिवशीं म्हटलें असतें, तर पाण्याच्या पाळ्या वाढविण्याचा विचार त्यांच्या मनांत आला नसता. ओळखण्याची रीत सोपी आहे. सूर्योदयापूर्वीं शेतांत जावें. रात्रभर विसांवा मिळूनहि वेल पहांटे मलूलच असेल, आणि बोटभर माती उकरून खालीं ओल लागत असेल, तर तहान हें कारण नव्हे.

५. नांव सांपडलें म्हणजे कारण सांपडलें काय?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कुजक्या वेलांत सेराशिया मार्सेसेन्स सांपडला हें खरें मानलें, तरी त्यानेंच वेल मारिला असें ठरतें काय? मेलेल्या गुरावर गिधाड बसलेलें दिसलें म्हणून गिधाडानें गुरूं मारिलें असें कोणी म्हणत नाहीं. जो जंतु मातींत व पाण्यांत जेथें तेथें आहे, तो कुजणाऱ्या मुळांत न सांपडता तरच नवल! जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीं १९ व्या शतकाच्या अखेरीस यासाठीं एक कसोटी घालून दिली. जंतु रोगी झाडांत नियमानें सांपडला पाहिजे. तो वेगळा काढून शुद्ध वाढवितां आला पाहिजे. निरोगी झाडांत घातला असतां तोच रोग झाला पाहिजे. आणि त्या झाडांतून तोच जंतु पुन्हां निघाला पाहिजे. या चार पायऱ्या पुऱ्या झाल्या म्हणजे जंतूवर आरोप शाबीत झाला असें समजावें.

या हकीकतीस आणखी एक वळण आहे, व तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. हा जंतु वेलवर्गीय पिकांचा शत्रु कधींच होत नाहीं असें नाहीं. अमेरिकेंतील टेक्सस व ओक्लाहोमा या संस्थानांत १९८८ सालीं भोपळ्यावर एक नवा रोग दिसून आला. थोड्या दिवसांत सबंध वेल पिंवळा पडे आणि मग मरे; म्हणून त्यास ‘पिंवळ्या वेलाचा रोग’ असें नांव पडलें. पुष्कळ वर्षांच्या तपासानंतर २००३ सालीं या रोगाचा जंतु सेराशिया मार्सेसेन्स हाच असल्याचें प्रसिद्ध झालें. आणि भोपळ्यावरील रस शोषणारा एक ढेकूण त्याचा प्रसार करितो हेंहि ठरलें. लापशीवरील रंगावरून ज्यास ‘कोमेजणारा’ म्हटलें, तो १८० वर्षांनीं खरोखरच वेल कोमेजवितांना पकडला गेला! परंतु हा योगायोग आहे. बिझिओस तें ठाऊक असणें शक्य नव्हतें, आणि नांवावरून तें कोणासहि कळलें नसतें. कसोटी लावल्यावरच तें कळलें.

कांहीं नांवें मात्र रोगाचेंच वर्णन करितात. घेवड्याच्या मरीचा जंतु फ्लॉरेन्स हेजेस या बाईंनीं १९२२ सालीं वर्णिला. त्याच्या नांवांतील ‘फ्लाक्कुमफासिएन्स’ म्हणजे ‘शिथिल करणारा’. कापसाच्या मरीच्या बुरशीस ‘वासइन्फेक्टम’, म्हणजे वाहिन्यांस बाधणारी, म्हणतात. उलट तुरीच्या मरीची बुरशी ‘फ्युझेरियम उडम’ हिच्या नांवाचा अर्थ नुसता ‘ओलसर’ असा आहे. आणि कलिंगडाच्या मरीच्या बुरशीस ‘निवियम’, म्हणजे बर्फासारखी पांढरी, असें नांव आहे. काळ्याभोर शेतांत वेल मारणाऱ्या बुरशीचें नांव ‘हिमशुभ्र’! तात्पर्य, नांव ही ओळखीची चिठ्ठी आहे, आरोपपत्र नव्हे.

६. खोड चिरून पाहावें

मग कारण ओळखावें कसें? पहिली तपासणी शेताच्या बांधावरच करितां येते. त्यास एक धारदार चाकू व एक पेला पाणी पुरे. नुकताच मलूल झालेला, पण अद्याप न कुजलेला वेल मुळासकट उपटावा. कुजलेला घेऊं नये. त्यांत पाहुणे जंतु फार. मग बुडखा उभा चिरावा.

(अ) आंतील लांकडी भाग, म्हणजे ज्यांतून पाणी वर चढतें त्या वाहिन्या, तपकिरी दिसल्या, तर फ्युझेरियम बुरशीची मर समजावी. ही बुरशी मुळांतून शिरून पाण्याच्या वाटा बुजविते. म्हणून पाणी असूनहि पीक तहानेनें मरतें. तुरींत खोडाची साल सोलली असतां लांकडावर काळपट रेघा दिसतात, आणि जमिनीपासून वर चढणारा जांभळट पट्टा खोडावर बाहेरूनहि दिसतो. हरभऱ्याचें खोड उभें चिरलें असतां आंत काळसर रेघ दिसते.

(आ) लांकूड पांढरें, पण त्याबाहेरील सालीलगतचा थर, ज्यांतून पानांनीं केलेलें अन्न खालीं येतें, तो मधाच्या रंगाचा तपकिरी झालेला असेल, तर वर सांगितलेल्या पिंवळ्या वेलाच्या रोगाचा संशय घ्यावा.

(इ) टोमॅटो, वांगें, बटाटा या पिकांत खोडाचा ताजा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यांत अधांतरीं धरावा. कांहीं मिनिटांत कापलेल्या तोंडांतून दुधासारखे धागे पाण्यांत उतरूं लागले, तर ती जंतूंची मर. तिचा जंतु अमेरिकेंतील एर्विन स्मिथ यांनीं १८९६ सालीं वर्णिला.

(ई) आंत कोठेंच रंग बदललेला नसेल तर मुळें पाहावीं. गांठी, वाळवी, हुमणी किंवा पाणी सांचून कुजलेलीं मुळें, यांपैकीं एक कारण बहुधा निघेल.

आमच्या सभासदांबरोबर आम्हीं त्यांच्या शेतांत जाऊन अर्धवट मलूल झालेले सहा वेल चिरले. सहांचेंहि लांकूड तपकिरी होतें, आणि बाहेरचा थर पांढरा. दोष ‘निवियम’चा होता, कागदावरील ‘मार्सेसेन्स’ हा कुजण्याबरोबर आलेला पाहुणा होता. तपासणी करणाराचा यांत अपराध नाहीं. त्यास कुजका नमुना मिळाला, त्यांत जें होतें तें त्यानें लिहिलें. चूक नमुना निवडण्यांत व शब्दाचा अर्थ लावण्यांत झाली.

७. पुढें काय करावें

मरीनें धरलेलें झाड औषधानें उठत नाहीं, हें प्रथम मनाशीं पक्कें करावें. त्यावर पैसा खर्चूं नये. रोगट वेल मुळांसकट उपटून जाळावे. उकिरड्यांत किंवा कंपोस्टच्या खड्ड्यांत टाकूं नयेत, कारण खताबरोबर रोग सबंध शेतांत पसरतो. रोगट वाफ्यांतून निरोगी वाफ्यांत पाणी वाहूं देऊं नये. पाण्याच्या पाळ्या वाढवून आमच्या सभासदांनीं नकळत हेंच केलें होतें.

मरीची बुरशी जमिनींत दीर्घकाळ राहते. तुरीच्या धसकटांत ती सुमारें ३ वर्षें, व हरभऱ्याची सुमारें ६ वर्षें जगते. कलिंगडाची तर त्याहूनहि अधिक काळ टिकते. परंतु प्रत्येक पिकाची मर निराळी असते. कलिंगडाची बुरशी ज्वारीस बाधत नाहीं. म्हणून फेरपालट हा पहिला उपाय. तुरींत ज्वारीचें मिश्र पीक घेतल्यास मर कमी होते, असें प्रयोगांत दिसून आलें आहे; आपल्या वाडवडिलांच्या पद्धतीस शास्त्राचा हा दुजोरा आहे. दुसरा उपाय प्रतिकारक वाण. तुरींत बदनापूरचे बी.एस.एम.आर. ७३६ व ८५३, आणि हरभऱ्यांत राहुरीचे विजय व दिग्विजय हे मरीस दाद न देणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. पेरणीपूर्वीं बियाण्यास ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची पूड, पुडीवर लिहिलेल्या प्रमाणांत, चोळावी. कलिंगडच लावणें भाग असेल, तर दुधी भोपळ्याच्या रोपावर कलम केलेलीं रोपें लावावीं. जपानांत ही पद्धत १९२० नंतरच्या दशकांत सुरू झाली, व तिचा हेतु मर टाळणें हाच होता.

आमच्या सभासदांनीं औषधाचा बेत सोडला, रोगट वेल जाळले, आणि त्या दोन एकरांत ज्वारी पेरली. त्या वर्षाचें कलिंगड गेलें तें गेलेंच. परंतु पुढील वर्षाचें भांडवल वांचलें. त्यांच्या चिरंजीवांनीं कोश उघडला हें चांगलेंच केलें. आमचें सांगणें इतकेंच, कीं कोश मिटल्यावर चाकूहि उघडावा.

वाचकांनीं आपल्या शेतांत मर दिसल्यास वरील रीतीनें खोड चिरून पाहावें, दिसलेला रंग व पिकाचें नांव वहींत दिनांकासह टिपून ठेवावें, आणि त्या जागीं बांधावर खूण करावी. तीन वर्षांनीं त्या वाफ्यांत काय पेरावें हें ठरवितांना ती टीप कोणत्याहि लॅटिन नांवापेक्षां अधिक उपयोगी पडेल.